तीनशे बेचाळीस

समाजमंदिराच्या भिंतीला चुना ताजा होता,
म्हणून पडदा कुणी आणलाच नाही.
प्रोजेक्टर शाळेचा, अकरा वर्षांचा म्हातारा,
रुंदी एक हजार चोवीस ठिपके,
त्यापुढचे आकडे त्याला येत नाहीत.
लॅपटॉप संस्थेचा, त्यात लिनक्स,
रुंदी तेराशे सहासष्ट.
उंची मात्र दोघांची सातशे अडुसष्ट.
उंची जुळली म्हणजे जमेल,
असं मला वाटलं होतं.

अर्जुनी-मोरगावहून बावीस किलोमीटर मोटरसायकलवर आलो
ते एका नकाशासाठी.
टोलीच्या बायकांनी डोंग्यात बसून,
बांबू बुडवत मोजलेला तलाव:
कुठे घोटाइतका, कुठे गळ्याइतका,
कुठे बांबूच पुरत नाही.
बेशरम कुठे माजली, मरळ कुठे बसते,
सगळं चार महिने वहीत, मग माझ्याकडे.
आज ग्रामसभेला दाखवायचा.

केबल खोचली. भिंत हिरवीगार.
एक पिन वाकलेली होती.
सयत्राबाई नान्हे यांनी केसातला आकडा काढून दिला,
मी पिन सरळ केली,
आकडा परत द्यायचा राहिला.

मग दोघांना म्हटलं, एकच दाखवा.
माझ्यासमोर तलाव अख्खा.
भिंतीवर पाळ आली, तुडूम आला,
सलांगावरचं मोहाचं झाड आलं,
आणि पूर्वेला नुसता चुना.
मागून आवाज:
"भाऊ, आमची टोली कोटी गेली जी?"

तीनशे बेचाळीस ठिपके.
तेवढ्यात ढिवरांची छत्तीस घरं,
सुकत घातलेली जाळी आणि एक हातपंप.

मी म्हटलं, तांत्रिक अडचण आहे.
कुणी तरी हसलं.
त्या हसण्यात पाच वर्षांपूर्वीच्या ठेक्याचा कागद होता,
त्यातही पूर्वेची हद्द अशीच संपली होती म्हणे.

दोघांना एक हजार चोवीसवर आणलं.
टोली परतली,
पण खोलीचे आकडे माशीच्या पायाएवढे.
उपसरपंच ताराचंदजी चष्मा पुसत बसले.

मग सगळं दाबून बसवलं.
आकडे आले, घरं आली,
फक्त गोल तलाव उभा, काकडीसारखा.
"काहून वाळला जी तलाव आमचा?"
सयत्राबाईंना त्या बोलण्यात दोन अर्थ आहेत हे ठाऊक होतं,
त्यांनी दोन्ही माझ्याकडे फेकले.

तिसऱ्यांदा एक शून्य जास्त पडलं.
भिंत काळी. लॅपटॉपही काळा.
पाऊणशे माणसं, एक पंखा,
आणि मी अंधारात टाइप करतोय,
एक्सरँडर, स्पेस, दोन आडव्या रेघा,
अक्षरं दिसत नाहीत,
बोटांनी चाचपत जायचं.
डोंग्यातून बांबू सोडताना त्यांनाही
तळ कुठे दिसत होता.

एंटर.

भिंत उजळली.
आता प्रोजेक्टरला मी खोटंच सांगितलंय
की तू तेराशे सहासष्ट रुंद आहेस,
आणि उंच एक हजार चोवीस.
त्याने ऐकलं.
तलाव गोल, टोली जागेवर,
हातपंपसुद्धा.
खाली दोनशे छप्पन रेघांची काळी पट्टी उरली,
बरोबर तिथे, जिथे पुढे बसलेल्या पोट्ट्यांची डोकी
मघापासून पाण्यात सावल्या पाडत होती.
आता अंधारात अंधार.

सयत्राबाई उठल्या.
भिंतीपाशी जाऊन हात टेकवला:
"इथं बांबू बुडते. इथं नाई बुडत.
इथं बीज टाकाल तर बगळ्यायले जेवण."
अर्धा तलाव त्यांच्या पदरावर आला होता,
कुणी बाजूला व्हा म्हणालं नाही.

माझा बाण मात्र हरवला.
माउस खाली ओढला की
लॅपटॉपच्या कडेतून तो निसटतो,
मला दिसत नाही.
भिंतीवर, त्या काळ्या पट्टीत, तो होता.
पोट्टे तळहाताने त्याला दाबून धरायला बघत होते,
आणि मी, कुठे आहे ते न कळता,
माउस हलवत होतो.